हाड कुणाला?

माझ्या आवाजाला लोकांनी काय काय नावं ठेवली ती सगळी मला पाठ आहेत. फुटकी घागर झाली, गंजलेलं कुलूप झालं. आमच्या चाळीतल्या बजाबाई म्हणायच्या, सोजरनं हाक मारली की कोंबड्या अंडं घालायचं विसरतात. मी हसून सोडून द्यायची. तसा माझा राग नाकाच्या शेंड्यावर, पण आवाजावरून कुणी बोललं तर उलट बोलायलाही तोच आवाज वापरावा लागणार, म्हणून गप्प बसायची.

हा आवाज मी जन्मतः आणलेला नव्हता. दुष्काळात आम्ही बार्शीकडचं गाव सोडून सोलापुरात आलो आणि मी यंत्रमागाच्या एका कारखान्यात कांड्या भरायला लागले. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली की माग थांबतो, मागवाला ओरडतो आणि आपण त्याच्यावर ओरडायचं. सगळे माग एकदम खडखडत असताना गोड बोललेलं कुणाला ऐकू जातंय? पाच-सहा वर्षांत घसा चिरला तो चिरलाच.

माझा थोरला भाऊ रामहरी गिरणीत होता आणि बँजो वाजवायचा. बँजो म्हणजे आपला तोच, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, वरातीत वाजतो तो. त्यात त्यानं जुन्या टेलिफोनमधला कसलासा तुकडा बसवला होता. त्यामुळे तो कर्ण्यातून वाजायचा आणि वाजताना करकरायचाही. त्याचा दोस्त सोमलिंग रंगखात्यात कामाला. त्यानं रंगाची तीन रिकामी पिंपं आणली आणि झिजलेल्या धोट्यांनी ती बडवायला लागला. गाणी मी रचायची. नळावरच्या भांडणाचं एक, मुकादमाचं एक, आणि आमचं सगळ्यात आवडतं गिरणीच्या भोंग्याचं:

भोंगा झाला, ऊठ की ऊठ,
गिळ भाकरी, पाण्याचा घोट,
धोटा पळतो, आमी बी पळतो,
पळून पळून जायचं कुटं?

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या कॉलेजातल्या भाच्यानं सांगितलं, की त्याच सुमारास विलायतेत पोरं असलंच काहीतरी करत होती. तीन सूर, फाटके कपडे आणि आरडाओरडा. त्याला म्हणे पंक म्हणतात. कपडे आमचेही फाटकेच होते, पण ते आम्ही ठरवून फाडलेले नव्हते.

हे चालू होतं अठ्ठ्याहत्तर साली. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं आणि ज्याला त्याला मोठ्यानं बोलायची हौस आली होती. पौष महिना लागला. पौषात लग्नं नाहीत, तेव्हा चन्नप्पामामांचा लाउडस्पीकर आणि तीनचाकी टेम्पो दारात नुसता उभा. मामा आमचे शेजारी. तेच एक दिवस म्हणाले, ‘सेट गंजायलाय, तुमी गल्लीत बोंबलताय. गावोगाव बोंबला की.’ सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आम्हाला कुणी उभं केलं नसतं, म्हणून आम्ही बाहेरची तीन गावं धरली. भाऊ बरोबर, मामा बरोबर, म्हणून वडिलांनी मलाही जाऊ दिलं. मामांनी टेम्पोवर रंगानं लिहिलं, ‘रामहरी बँजो पार्टी’. माझं नाव घालायला जागा उरली नाही म्हणाले.

पहिलं गाव श्रीपूर. साखर कारखान्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असते, तोडणीची माणसं ताटकळत बसलेली असतात. आयतेच ऐकणारे मिळतील, असा रामहरीचा हिशेब. माणसं खरंच गोळा झाली. मी भोंग्याचं गाणं धरलं, सोमलिंगनं पिंपांवर पहिला तडाखा हाणला, आणि रांगेतले बैल बुजले. दोन गाड्या उसासकट शेतात शिरल्या. चिमाबाई म्हणून एक तोडणीवाली ‘आगं बया, माजा ढवळ्या’ म्हणत कासरा धरायला पळाली. बैल सापडले, कुणाला लागलं नाही, पण वॉचमननं आम्हाला फाटकाबाहेर काढलं.

बैल बँजोला बुजले, पिंपांना बुजले की मला, हे कुणी बैलांना विचारलं नव्हतं. पण रामहरीचं ठरलं होतं. टेम्पोत बसल्याबसल्या म्हणाला, ‘सोजरे, फुडच्या गावात जरा गोड म्हण.’

‘गोड कुटनं आणू?’

‘न्हाय जमलं तर सांग. नीलम्माशी मी बोलून ठेवलंय.’

नीलम्मा आमच्या पलीकडच्या गल्लीतली. भजनात म्हणायची आणि तिचा आवाज खडीसाखर होता, त्यात खोटं काही नाही. रामहरीनं स्पष्टच सांगितलं: उरलेल्या दोन गावांत माझं जमलं तर ठीक, नाहीतर पार्टीत नीलम्मा म्हणेल आणि मी नुसत्या कांड्या भरीन. गाणी मात्र मीच रचायची. माझ्या भोंग्याचं गाणं खडीसाखरेच्या आवाजात? त्यापेक्षा ते कुणी म्हटलंच नाही तर बरं.

दुसरं गाव कुंभारी, सोमलिंगचं. तिथं मी गोड म्हणायचा कसून प्रयत्न केला. आवाज दाबला, मान तिरपी केली, डोळेसुद्धा मिटले. डोळे उघडले तर समोर सोमलिंगची आई, सुंदरम्मा, हातात पेला घेऊन उभी. हळद घातलेलं गरम दूध. ‘घसा धरलाय बाई तुझा,’ त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. ‘आदी पी. गाणं काय, घसा सुटल्यावर म्हणशील.’ इतक्या मायेनं म्हणाल्या की रागावताही येईना. गाणं अर्ध्यात सोडून मी दूध प्याले. लोक कौतुकानं बघत होते. रामहरी बँजोच्या तारा पुसत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

तिसरं गाव हिरेकल्लूर, अक्कलकोटच्याही पलीकडं, अगदी सीमेवर. तिथं जत्रा होती. टेम्पो धक्के खात चालला होता, मागं पिंपांच्या मध्ये मी आणि सोमलिंग. तो काहीबाही बोलून मला हसवायला बघत होता. मी त्याला धड उत्तरही दिलं नाही. आज संध्याकाळपर्यंतच मी गाणारी आहे, एवढंच डोक्यात घोळत होतं.

उतरल्यावर बघते तर सगळी बोली कानडी. सोमलिंग आणि मामा लगेच मिसळले. मला कानडीतलं ‘ऊटा आयता’, म्हणजे जेवण झालं का, एवढंच येत होतं, आणि तेही जेवणाच्या वेळेपुरतं. दुपारच्या कुस्त्या संपल्या. ऊन उतरलं तसं आम्हाला देवळासमोरच्या कट्ट्यावर चढवलं. माणूस हा एवढा. बायका एका बाजूला, पागोटी दुसऱ्या बाजूला, झाडावर पोरं.

रामहरीला एक खोड आहे. माइक हातात आला की त्याचा पुढारी होतो. ‘रसिक श्रोतेहो’ म्हणून त्यानं जी सुरुवात केली, ती सोलापूरची कापड गिरणी, कामगार, कला आणि संस्कृती असं करत थांबेचना. लोकांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं. ते चुळबुळायला लागले. शेवटी त्यानं आवरलं आणि माइक माझ्या हातात दिला. हळूच म्हणाला, ‘गोड हं.’

मी तोंड उघडायच्या आत गर्दीतून आवाज आला, ‘हाड!’

मी थांबले. दुसरीकडून आलं, ‘हाड, हाड!’ मग बायकांतून आलं. मग झाडावरची पोरं टाळ्यांवर म्हणायला लागली, हाड, हाड, हाड, हाड. सगळं गाव मला हाड म्हणत होतं. कुत्र्याला म्हणतात तसं.

गाणं ऐकून नाव ठेवलं असतं तर समजू शकले असते. पण यांनी अजून माझा आवाजही ऐकला नव्हता! नुसती उभी राहिले तर हाड? कांड्या भरणारी बाई कट्ट्यावर चढली, म्हणून हाड? बजाबाईंपासून नीलम्मापर्यंतचा सगळा राग, इतकी वर्षं हसून गिळलेला, एकदम वर आला. गोड गेलं खड्ड्यात. मी माइक तोंडाशी घट्ट धरला आणि मागावर ओरडते तशी ओरडले:

हाड म्हणता? हाड कुणाला?
कांड्या भरते, हाड कुणाला?
धोतर तुमचं कुणी विणलं?
लुगडं तुमचं कुणी विणलं?
हाड कुणाला? हाड कुणाला?

कर्ण्यातून असा आवाज निघाला की देवळावरची कबुतरं उडाली. मला वाटलं, आता दगड येणार. येऊ देत म्हटलं. आणि मागून सोमलिंगनं तिन्ही पिंपं एकदम धरली. मागाचीच लय, खट् खट् खटाखट्. रामहरीचा बँजोही करकरत मागं धावायला लागला.

मी पुन्हा ओरडले, ‘हाड कुणाला?’ आणि गर्दी एका आवाजात ओरडली, ‘हाड!’

बरं, म्हटलं, असं आहे काय? मग घ्या. मुकादमाला हाड म्हटलं, नळावरच्या रांगेला हाड म्हटलं, भोंग्याला हाड म्हटलं. फुटकी घागर म्हणणाऱ्यांना तर नावं घेऊन हाड म्हटलं. प्रत्येक हाडला समोरून हाड येत होतं आणि ते वाढतच होतं. पागोटी हवेत उडाली. बायका उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना शिव्या घालतेय आणि ते नाचताहेत, हे काही माझ्या डोक्यात बसेना, पण थांबायला सवडच नव्हती. इतकं मोठ्यानं मी कारखान्यातही कधी ओरडले नव्हते. गाणं मी संपवलं नाही, दम संपला म्हणून ते थांबलं.

तेवढ्यात एक म्हातारी बाई कट्ट्यावर चढली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. त्या गावच्या शांतम्मा, हे मागनं कळलं. मारायला आली असं समजून मी पाय रोवले. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘हाडव्वा. इन्नोंद सल हाडु.’

‘ही बी हाडच म्हणती,’ मी सोमलिंगला म्हटलं. ‘आन रडती कशापायी?’

सोमलिंग पिंपांवर डोकं टेकून हसत होता. ‘आगं, कानडीत हाडु म्हंजी गा. गा की, म्हणायलेत लोक. मघाधरनं तेच म्हणायलेत. रामहरीचं भाषण आवरंना म्हणून. आता ही म्हणती, गा माय, आनकी एक डाव गा.’

‘तुला ठावं होतं?’

‘व्हय की.’

‘मग सांगितलं का न्हाईस?’

‘सांगणार हुतो,’ तो म्हणाला. ‘पर तू तोंड उघडलंस. मग कोण सांगतंय?’

त्याला हाणावं की मिठी मारावी, मला कळेना. सगळं गाव मला गा म्हणत होतं आणि मी त्यांच्या धोतरापर्यंत पोचले होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता एकदम भीती वाटली. समोरून हाडु, हाडु चाललंच होतं आणि आता ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. पण राग गेला होता. पार गेला. मघाचा आवाज रागाचा होता. रागाशिवाय काय निघणार? पुन्हा हळदीचं दूध?

शांतम्मा खाली उतरल्या नाहीत. तिथंच पदर खोचून उभ्या राहिल्या. मी सोमलिंगला मान हलवून खूण केली. त्यानं लय धरली. मी भोंग्याचं गाणं उचललं, मान तिरपी न करता, काही न दाबता.

तोच आवाज आला. चिरलेला, खरखरीत, होता तेवढाच मोठा. राग नव्हता तरी आला. तो रागाचा नव्हताच, माझा होता. मला इतका आनंद झाला की ‘जायचं कुटं’ म्हणताना मी चक्क उडी मारली. कानडी माणसांना भोंगा, भाकरी, घोट काय कळलं असेल ते असो, दुसऱ्या कडव्यापासून सगळे ‘जायचं कुटं’ माझ्याबरोबर म्हणत होते. दिवस मावळेपर्यंत त्यांनी आम्हाला उतरू दिलं नाही. आमची गाणी संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली. हाड कुणाला तर किती वेळा झालं त्याचा हिशेब नाही, आणि पुढं आमची पार्टी त्याच नावानं ओळखली गेली. नंतर टेम्पोवरचं जुनं नाव पुसून नवं लिहिताना मामांना माझ्या नावालाही जागा बरोबर सापडली.

शेवटी सोमलिंग पिंपं उचलायला लागला. रामहरी माझ्याजवळ आला. बँजो काखेत, केस घामानं चिकटलेले. मग मान खाली घालून म्हणाला, ‘नीलम्माला काय सांगू आता?’

‘सांग, हाड.’

त्यानं वर बघितलं. ‘मराठीत का कानडीत?’

‘कानडीत. गा म्हण तिला,’ मी म्हटलं. ‘म्हणायचं आसंल तर खुशाल येऊ दे. माज्या शेजारी हुबी ऱ्हाईल.’

माइक मी अजून हातातून सोडला नव्हता, त्यामुळे हे बोलणं कर्ण्यातून साऱ्या हिरेकल्लूरनं ऐकलं.