आठशेला टेम्पोचे पाटे

आष्टीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सतीशने वडिलांची जुनी मारुती आठशे हलकी करायला घेतली, तेव्हा हलकी करून नेमकं करायचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात एवढंच बसलं होतं, की गाडी जेवढी हलकी तेवढी भारी. मग मागची सीट निघाली, स्टेपनी निघाली, खालचं मॅटिंग निघालं. वडिलांनी, निवृत्तीरावांनी, डॅशबोर्डवर चिकटवलेली बुद्धाची छोटी मूर्ती तेवढी राहिली. तिचं वजन करायची त्याची हिंमत झाली नाही. शेवटी ड्रायव्हरशेजारची सीटही पत्र्याच्या शेडात जाऊन पडली. वडील होते तोवर ती आईची सीट होती.

आईला, म्हणजे भिमाबाईला, कड्याला थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. मावशीला आताशा दिसत नव्हतं, आणि आईचे गुडघे तिला एसटीच्या पायऱ्या चढू देत नव्हते.

"का रं, मला कड्याला कवा नेतूस?" ती दर रविवारी विचारायची.

"पुढचं सस्पेन्शन ठरलं की लगेच," सतीश म्हणायचा.

पण ठरणं सोपं नव्हतं. गाडी हलकी झाली म्हणजे पुढचं सस्पेन्शन बदलायलाच हवं, असं स्पेअर पार्टवाल्या रविने सांगितलं होतं. रविकडे या विषयाची माहिती नसली तरी सामान होतं. त्याने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि ग्रुपात लगेच तीन तट पडले. एक म्हणे, मूळच्याच स्प्रिंगा ठेवा. दुसरा म्हणे, मोठ्या गाडीच्या बसवा. तिसऱ्याला मालवाहू टेम्पोचे लोखंडी पाटे हवे होते. सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघे इथेही विरुद्धच राहिले. एकाने स्प्रिंग म्हटली म्हणून दुसऱ्याने पाटे धरले. ज्यांच्याकडे नुसती सायकल होती, तेही हिरिरीने बोलले.

"सर, रस्ता बघा आपला," रवि म्हणाला. "स्प्रिंगा काय टिकत्यात? टेम्पोचे पाटे टाका. टनभर कांदा वाहतेत ते, तुमाला न्हाई वाहणार व्हय?"

अकरावीच्या पोरांना स्प्रिंगचा नियम फळ्यावर समजावून सांगणाऱ्या सतीशला हे पटलं. ग्रुपात मतदान झालं, पाटे बहुमताने निवडून आले. बाळू मेस्त्रीने वेल्डिंग करून ते बसवले. गाडी गॅरेजातून बाहेर पडायच्या आधीच चौकात बॅनर लागला: 'तालुक्यातील सर्वात हलक्या गाडीस हार्दिक शुभेच्छा'. त्यावर गाडीपेक्षा रविचा फोटो मोठा होता.

गाडी नाक वर करून निघाली. पहिल्या खड्ड्यात पाटे दबलेच नाहीत, गाडीच उडाली. पुढच्या खड्ड्यात सतीशचं डोकं टपाला लागलं. टनभर माल वाहणाऱ्या पाट्यांना ही रिकामी डबी ओझंच वाटेना. मान चोळत तो गॅरेजवर परत आला.

"पाटे एक नंबर हायेत, सर," रवि म्हणाला. "गाडीच हलकी पडती. वजन टाका."

मग स्टेपनी परत आली. मागची सीट परत आली. तरी डाव्या अंगाने गाडी उसळतच होती.

"हितं एक माणूस पायजे," ड्रायव्हरशेजारची रिकामी जागा दाखवत बाळू म्हणाला.

सतीशला एकदम आई आठवली. शेडातली सीट झटकून त्याने बसवली आणि दारात हॉर्न वाजवला. "आई, चल, कड्याला!"

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, मावशीसाठी धपाटे बांधून घेतले आणि हसत येऊन बसली. चौकापर्यंत गाडी खरंच बरी चालली.

"बघ, तू बसलीस अन् गाडी दबली!" सतीश हरखून म्हणाला. "तुझंच वजन कमी पडत होतं!"

आईचं हसू गेलं. "थांबव," ती म्हणाली.

गाडी बॅनरखालीच थांबली.

"तुला मी पायजे का माझं वजन? वजनच पायजे आसंल तर कांद्याचं पोतं ठिव हितं. त्याचे गुडघे बी दुखायचे न्हाईत."

सतीशला मान वर करवेना. त्याला लाज वाटली. सीट शेडात टाकली तेव्हा आई दारातच उभी होती आणि काही बोलली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

"तुझ्या बापाच्या टायमाच्या स्प्रिंगा कुठं हायेत?"

"बाळूकडं पडल्यात."

"त्या बसव. मग मी बसते."

धपाट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ती चौकाजवळच्या गॅरेजच्या बाकावर जाऊन बसली. रविने परोपरीने समजावलं. ग्रुपाने फेरमतदान मागितलं. सतीशने फोन बंद केला आणि बाळूबरोबर तो स्वतः गाडीखाली शिरला.

दिवस कलताना ते कड्याला पोचले. दारात मावशीने आईचा हात चाचपून बघितला आणि तो घट्ट धरून ठेवला.

"भिमे, व्हतीस कुठं गं इतके दिस? मला वाटलं, इसरलीस."

आईने मागे वळून सतीशकडे पाहिलं. तो गाडीचं दार धरून उभा होता, हाताला अजून ग्रीस होतं.

"न्हाई गं अक्का," ती म्हणाली. "गाडीला काय बसवायचं, ते पोरगं निवडीत व्हतं."