आईच्या देशात पाहुणा

दोहाचं विमान दुपारीच कैरोत उतरलं होतं, तरी माझा भाऊ रमझी बाहेर आला नव्हता. आई विमानतळाच्या दाराशी कठडा धरून उभी. शेवटी त्याचा फोन आला.

"ताई, आत घेत नाहीत. म्हणतात, तुझा इजिप्तमध्ये राहण्याचा परवाना रद्द झालाय. मुदतीत परत यायला हवं होतं."

"मग सांग ना, कंपनीने सोडलं नाही म्हणून!"

"सांगितलं. हसले."

आई कैरोचीच, शुब्रा वस्तीतली. बाबा गाझाचे निर्वासित, आणि तेव्हा नागरिकत्व बापाकडूनच यायचं. म्हणून आम्ही दोघं इथे जन्मूनही पॅलेस्टिनीच ठरलो. पासपोर्ट नाही, इजिप्तने दिलेलं निर्वासितांचं प्रवासपत्र तेवढं हातात. पुढे आईच्या नात्याने नागरिकत्व मिळू लागलं, तेव्हा मी अर्ज करून इजिप्शियन झाले. रमझी दोहात नोकरीला. "पुढच्या सुट्टीत करू," म्हणत राहिला. आता नोकरी गेली आणि तिकडचा परवानाही.

आई दारावरच्या अधिकाऱ्याकडे गेली. "बाशा, साहेब, माझा मुलगा आत अडकलाय."

"हाजा, मावशी, त्याच्या कागदावर पॅलेस्टिनी लिहिलंय."

"कागद तुम्हीच दिलात ना?"

"तो प्रवासाचा आहे. आत येण्याचा नाही."

"म्हणजे त्याने नुसतं फिरतच राहायचं?"



संध्याकाळी रमझीला दोहाच्या विमानात बसवलं. तिथल्यांनी त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कैरोत, विमानतळाच्या आत एका बाकावर.

"ताई, परत चढवलं तर काय करू?" त्याचा आवाज बसला होता. आईला म्हटलं, काम चाललंय.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ दारासमोर फरशीवर बसली. लोक सामान ओढत तिला वळसा घालून जाऊ लागले. शिपायांनी समजावलं, दरडावलं. ती ढिम्म हलली नाही. मग एक वयस्क अधिकारी आला.

"हाजा, उठा. लोक बघतायत."

"बघू देत की! मी काय चोरी केलीय? पोटच्या पोराला न्यायला आलेय."

तो आत गेला. मी आईशेजारी बसले. बऱ्याच वेळाने रमझी बाहेर आला, दाढी वाढलेली, प्रवासपत्रावर थोडे दिवस राहण्याचा शिक्का घेऊन. आईने त्याला जवळ घेतलं नाही, दंडाला घट्ट धरून गाडीकडे ओढतच नेलं.

दुसऱ्याच दिवशी नागरिकत्वाचा अर्ज दिला. शिक्क्याची मुदत केव्हाच संपली. अर्जाच्या पोचपावतीवर तो राहतोय. पोलीस दिसला की गल्ली बदलतो. आई त्याला कोपऱ्यावर कुशरी भात आणायलाही पाठवत नाही.

परवा नागरिकत्वाच्या कचेरीतून फोन आला. "फाईल वर गेलीय."

"वर म्हणजे कुठे?" रमझीने विचारलं.

पलीकडून फोन बंद झाला होता. तेव्हापासून तो जेवतानाही फोन हातातून खाली ठेवत नाही.