न सापडण्याची परीक्षा

आईने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, भिंगरीच्या बाजूची खुर्ची ओढली आणि बाह्या वर सारल्या.

"चल, मला तुला शोधायचंय."

"मी ही काय इथे बसलेय. चष्मा लाव."

"शहाणे, यात!" आईने पडद्यावर बोट टेकवलं.

भिंगरीच्या हातातलं बिस्किट चहात बुडलं ते बुडलंच.

पडद्यावर समुपदेशन केंद्राची माहिती होती. मनावरचं ओझं कुणापाशी तरी बोलून उतरवायला लोक जिथे जातात, ते केंद्र. कोणत्या वयाचं माणूस, कुठल्या भागातलं, कोणत्या वारी येतं, एवढंच त्यात होतं. नाव एकाचंही नाही. सोमवारी ही माहिती सगळ्या संशोधकांसाठी खुली व्हायची होती, आणि ती करावी की नाही हे आईच्या एका 'हो'वर अडलं होतं.

नाव पुसलं म्हणून माणूस लपत नाही, हे दाखवून देण्यात आईची अर्धी कारकीर्द गेली होती. तरुणपणी तिने एका ग्रंथालयाच्या बिननावी माहितीतून स्वतःच्याच प्राध्यापकांना हुडकून काढलं होतं. एवढे करारी गृहस्थ, पण घरी न्यायचे ती फक्त भुताखेतांची पुस्तकं! पुढे कुलपं फोडता फोडता आई कुलपं घडवायला लागली. आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळायचा, पण असा बेताने, की गर्दीचं चित्र खरं राहावं आणि एकटा माणूस मात्र कुणाच्या हाती लागू नये. माहिती खुली करण्याआधी तिच्यावर आपणच हल्ला करून बघायचा, हा तिचा शिरस्ता होता.

"पण मीच का?" भिंगरीने चमच्याने बिस्किटाचा गाळ काढत विचारलं.

"अगं, परक्याला काय पडलंय? खोदून शोधतात ती घरचीच माणसं. मला तुझी खडानखडा माहिती आहे, म्हणून तू. चालेल ना?"

'नाही' म्हणावं, तर चोराच्या मनात चांदणं. 'हो' म्हणावं, तर आई कुणाला सोडणारी नव्हे. दर मंगळवारी शाळेनंतर बॅडमिंटनच्या नावाखाली भिंगरी त्याच केंद्रात जात होती. वर्गात उभं राहून बोलायची तिला भयंकर भीती वाटायची. आता ती भर सभागृहात बोलून आली होती, तेही न अडखळता. हे सगळं तिचं एकटीचं होतं. घरात कळलं असतं तर बाबांनी दोन दिवस हळू आवाजात बोलून तिचा पेशंट करून टाकला असता.

"चालेल की," ती म्हणाली. आवाज जरा वरच्या पट्टीतच लागला.

आईने वय टाकलं, भाग टाकला, उशिरा घरी येण्याचे वार टाकले. भिंगरी टेबलाखाली रॅकेटच्या पिशवीची चेन उघडत होती आणि लावत होती. आई पुढे वाकली. चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली घेतला.

"छे," ती अखेर म्हणाली. "असशील, नसशील. काही सांगता येत नाही." आणि चेहराभर हसली. "टिकलं गं कुलूप!"

भिंगरीचा जीव भांड्यात पडला. तिने एका दमात उरलेला चहा संपवला, गाळासकट.

आई मात्र हसता हसता थांबली.

"एक चूक झाली माझी. तुला विचारायलाच नको होतं. समजा, तू नाही म्हणाली असतीस, तर त्या 'नाही'तच सगळं कळलं असतं. आणि न विचारता शोधणं तर त्याहून वाईट. म्हणजे तुला निवडलं तिथेच चुकलं. जगाला शिकवते मी, आणि घरात हा उजेड!"

"जाऊ दे गं. पण मी त्यात नसेनच, तर सापडले नाही यात कुलपाची काय मोठी कमाल?"

"हुशार आहेस. म्हणून दोन माणसं घेते मी. एक, जे त्यात आहे की नाही हे मला माहीत नाही. आणि दुसरं, जे त्यात आहेच आहे. दोघांचंही उत्तर सारखंच, 'सांगता येत नाही' असं यायला हवं."

"मग आहेच आहे ते माणूस कोण?"

आईने कप उचलला. त्यात चहा नव्हता, तरी तिने फुंकर घातली.

"त्याचं काल झालं बघून. तेही नाही सापडलं."

"कोण पण?"

"मीच."

स्वयंपाकघरात बाबा भांड्यांशी झुंजत शीळ घालत होते. भिंगरीने आईकडे पाहिलं. आई कपाच्या कानाशी खेळत होती, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीसारखी. आईची गुरुवारची मीटिंग कधीच का चुकत नाही, ते भिंगरीला आत्ता कळलं.

पडद्याने तर तिला सोडूनच दिलं होतं. गप्प बसली असती तरी चाललं असतं.

तिने पिशवीची चेन शेवटची लावली.

"त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतात ना," ती हळूच म्हणाली, "ती काय करकरते गं!"

आईचा हात कपावरच थांबला. मग तिने लॅपटॉप मिटला आणि बिस्किटांची बशी भिंगरीकडे सरकवली.

"भयंकर," आई म्हणाली. "मी तर हलतच नाही."