काचेवरचा टॉवेल

ट्रकच्या काचेवरचे मेलेले किडे बघून गाडी कुठून आली हे मी सांगू शकते. यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही. बावीस वर्षं तेच धुतेय. नदीकाठच्या रस्त्याने आलेल्या गाडीवर चिलटांचा बारीक थर असतो, चाळणीतून पीठ पडावं तसा. शेतांमधून आलेल्या गाडीवर पिवळे-हिरवे डाग. दिवे लावून पळवलेली असेल तर दिव्यांच्या कडेला पतंगांचे पंख. आमच्या आवारातले ड्रायव्हर म्हणतात, बायकोपुढे थाप खपेल, ताईपुढे नाही.

मंगळवारी सकाळी जो ट्रक माझ्या रॅम्पवर आला, तो माझ्या धाकट्या भावाचा होता. घेऊन आला होता बदली ड्रायव्हर. भावाला आम्ही शनिवारीच स्मशानात पोचवून आलो होतो.

मुकादम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. एरवी लांबूनच ओरडणारा माणूस. "ताई, तीनला गाडी भरायची आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही नका धुऊ. मी दुसऱ्या कोणाला तरी सांगतो."

"दुसरं कोणी काच खरवडून ठेवेल. कोमट पाण्याची बादली तेवढी आणा."

त्याने निमूटपणे बादली आणली. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच पाहिलं.

भावाला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावूनच जन्मला होता. जेवतानासुद्धा एक पाय चपलेत. शुक्रवारी दुपारी, घर चाळीस मिनिटांवर असताना, जिथे ना हॉटेल ना पंप ना झाड, अशा जागी तो ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून बसलेला सापडला. शेजारी रिकामी बाटली. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. आवारातल्या लोकांनी त्या बाटलीवरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. मला राग आला, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

माझ्या भावजयीला बाटलीचं काही नव्हतं. तिला वेगळंच खात होतं. शुक्रवारी सकाळी फोनवर दोघांचं वाजलं होतं, कशावरून, तर गळक्या नळावरून. ती रागाने म्हणाली होती, यायचं तर ये, नाहीतर राहा तिकडेच. चार दिवस ती मला एकच विचारत होती. कधी कुठे न थांबणारा माणूस घर इतकं जवळ आल्यावर थांबला कशाला? उत्तरही तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्याला घरी यायचं नव्हतं.

मी तिला काय सांगणार? तीन आठवडे तो माझ्याशीही बोलत नव्हता.

त्याचं कारण ही काच. किडे काढायची माझी एकच रीत आहे. टॉवेल पाण्यात बुडवायचा, न पिळता काचेवर पसरायचा, घसरू नये म्हणून वर वायपर टेकवायचे आणि गप्प बसायचं. दहा मिनिटं. किडे फुगतात आणि आपणहून काच सोडतात. मग वरून खाली एक हात फिरवला की झालं. भिंगरीला हे जन्मात जमलं नाही. तो कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा. किडे फासले जायचे, आणि एखादा खडा वायपरखाली सापडला की काचेला ओरखडा. तीन आठवड्यांपूर्वी तसलाच अर्धा हात लांब ओरखडा घेऊन आला, अगदी डोळ्यांसमोर. मी आठ-दहा ड्रायव्हरांच्या देखत त्याची खरडपट्टी काढली.

"दहा मिनिटं बसायला काटे टोचतात का तुला?"

"ताई, किडे मेलेत. त्यांना कसली घाई? मला आहे."

सगळे हसले. तिथेच मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण माझी जीभ माझं कधी ऐकते? म्हणाले, "पुन्हा अशी काच घेऊन आलास तर गाडी फाटकातूनच परत पाठवीन. भाऊ असशील तो घरी."

तेव्हापासून तो गाडी रॅम्पवर लावायचा आणि मागच्या फाटकाने निघून जायचा. काच मात्र तशीच. मीही हट्टाने त्याच्याकडे बघायचे नाही. धाकटा आहे, येईल आपणहून, असं म्हणत राहिले.

एरवी मी काच आधी धुते. त्या दिवशी ती शेवटी ठेवली. आधी इंजिनापुढची जाळी घेतली. तिच्यात नाकतोडे आणि एक अख्खं फुलपाखरू अडकलं होतं. ब्रशच्या टोकाने एकेक काढलं. मग बंपर, आरशांच्या पाठी, टपाची पुढची कड. गाडी तीन दिवस तिथेच रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होती. किडा इतका वेळ राहिला की रंग खातो. पुसल्यावरही बोटाला बारीक खड्डे लागत होते. ते आता जाणार नव्हते.

अकराच्या सुमारास भावजय आली. केबिनमधलं त्याचं सामान न्यायचं होतं. ती सरळ वर चढली. मी स्टूल ओढून काचेसमोर उभी राहिले. आत ती त्याचा डबा, शर्ट, कंगवा पिशवीत भरत होती. आमच्या दोघींच्या मध्ये किडे होते.

तेव्हा मला ते दिसलं. ड्रायव्हरच्या बाजूला काचेवर एक चौकोन होता. चौकोनाबाहेरचे किडे कडक, जसेच्या तसे. आतले भिजून फुगलेले, रंग सुटून खालच्या कडेपर्यंत ओघळलेला आणि मग पुन्हा सुकलेला. वायपरची एकही रेघ नव्हती. जुना ओरखडा तेवढा होता.

भावजय खाली उतरली. तिच्या हातात निळा टॉवेल होता. "ताई, हा सीटमागे पडला होता. आपल्या घरचा. असा पुठ्ठ्यासारखा कशाने झालाय?"

बदली ड्रायव्हर पलीकडे चहा पीत होता. मी त्याला हाक मारली.

"तो होय? काचेवर होता, वायपरखाली दाबून," तो म्हणाला. "ऊन लागू नये म्हणून लावला असेल. मी सोलून काढला, नाहीतर गाडी चालवणार कशी?"

मी टॉवेल काचेवर धरला. चौकोनावर तंतोतंत बसला.

बाटली पाण्याची होती. सगळं पाणी त्याने टॉवेलवर ओतलं होतं.

भावजयीला मी तिथेच, स्टुलावरून न उतरता सांगितलं. "तो घरीच येत होता. त्याआधी गाडी माझ्याकडे लावायची होती, म्हणून काच भिजत घालायला थांबला. टॉवेल टाकला आणि बसला." इथवर सांगून गप्प राहता आलं असतं. पण चार दिवस ती जे एकटी वाहत होती, त्यातला माझा वाटा मला घ्यायलाच हवा होता. "तुझ्या बोलण्यामुळे नाही गं. माझ्या. मीच त्याला सगळ्यांसमोर तोडून बोलले होते. नाहीतर तो थांबला नसता. कदाचित घरी पोचला असता."

मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती काचेकडे बघत राहिली.

"वायपर नाही फिरवला त्याने?"

"एकदाही नाही."

"म्हणजे बसला होता." तिने टॉवेलवरचा एक पंख नखाने काढला. "अकरा वर्षांच्या संसारात दहा मिनिटं एका जागी बसलेला मी त्याला पाहिला नाही, ताई."

मग तिने तो टॉवेल बादलीत बुडवला, चांगला नरम होईपर्यंत दाबला आणि न पिळता वर माझ्या हातात दिला. मी त्याच चौकोनावर पसरला, वायपर टेकवले आणि खाली उतरले. आम्ही दोघी पुढच्या चाकाला टेकून बसलो. टॉवेलातून पाणी टपटपत होतं. भावजय रडली, मीही रडले, अगदी मोठ्याने, या रॅम्पवर मी कधी कोणाला दिसले नव्हते तशी.

मुकादम घड्याळ बघत आला. "काच राहिली का अजून?"

"दहा मिनिटं लागतील," मी म्हणाले. तो परत गेला.

टॉवेलाचं टपटपणं हळूहळू कमी झालं. मग थांबलं. माझ्या हातांना ती वेळ घड्याळाशिवाय कळते. भावजयीने माझ्या खांद्यावरून डोकं उचललं नाही.

"झाली का हो दहा मिनिटं?" तिने विचारलं.

केव्हाच झाली होती.

"नाही अजून," मी म्हणाले.