पेशींची सुटका

धाकट्याच्या दोन्ही हातांवर लहानपणापासून चामखिळी होत्या. तो शिंपी. गिऱ्हाइकांना त्या हातांचा स्पर्श नको वाटे, म्हणून तो माप घ्यायच्या फंदातच पडत नसे. "जुना सदरा आणून द्या, त्यावरून बेततो," म्हणायचा. चामखिळींचं एक वेळ चाललं असतं, पण वर्षाआड न्यूमोनिया त्याला गाठायचा आणि दर वेळी तो मरणाच्या दारातून परत यायचा.

त्याची मोठी बहीण, ताई, रुग्णालयात रक्त तपासायची. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भावाच्या रक्तात नावालाच आहेत, हे तिला ठाऊक होतं. शरीर त्या बनवतच नाही, असं सगळे धरून चालले होते. या खेपेला न्यूमोनियाने तो दाखल झाला तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हाडातला मगज तपासायला पाठवला. ताईने काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बघतच राहिली. तिथे त्याच पेशी खच्चून भरल्या होत्या.

तिने धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं.

"बनतात की," बाई भिंगातून बघत म्हणाल्या. "बाहेर पडत नाहीत. चामखिळी आहेत म्हणालात ना?"

"दोन्ही हात भरलेत."

"मग एका जनुकाकडे बघू. सीएक्ससीआर-फोर. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीचा कान. 'मगजातच थांब' हा निरोप त्याला ऐकू येतो. काम झालं की तो कान मिटायला हवा. याचा मिटत नसावा."

तीन आठवड्यांनी अहवाल आला. जनुकातलं एकच अक्षर बदललं होतं आणि त्यामुळे प्रथिनाचं, तो कान मिटवणारं शेपूट तुटलं होतं. ताईने तो भावाला दोनदा वाचून दाखवला.

"एका अक्षरापायी चौतीस वर्षं?" तो म्हणाला. "माझी एक शिवण चुकली तर लोक कपडा तोंडावर फेकतात."

तो कान झाकणारं औषध होतं. सकाळी नऊला इंजेक्शन दिलं. त्याआधी घन मिलिमीटरभर रक्तात त्या पेशी होत्या दोनशे. दुपारी एकला ताईने पुन्हा रक्त घेतलं. यंत्राने आकडा दाखवला, पण तिचा विश्वास बसेना. तिने काच तयार केली आणि एकेक पेशी हाताने मोजली. आकडा तोच आला, सतराशे.

लिफ्टची वाट न बघता ती चार जिने चढली. भाऊ खाटेवर बसला होता. धाप लागल्यामुळे तिला बोलता येईना, म्हणून तिने कागदच त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला.

"ताई, हे बापाकडून मुलांत उतरतं?"

"उतरू शकतं. दोनात एक."

"पोरीचा कान सारखा वाहतो. आम्ही थंडीला दोष देत बसलो." तो चपला शोधू लागला. "चल, शाळा सुटायच्या आत तिला घेऊन येऊ. आजच रक्त घे तिचं. तिला तरी चौतीस वर्षं नकोत."

ताईने त्याला हाताला धरून बसवलं, सलाइनची सुई आधी काढू दे म्हणाली, आणि वहिनीला फोन लावला.