पाचापैकी तीन

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी बरोबर आठ वाजता मी एमरीच्या फोनवर उमटलो. मी तीन बोलतोय. हो, आकडा तीन.

ती घराच्या पायरीवर अनवाणी बसली होती. आत तिची आई डार्लीन पीठ मळत होती. माझ्याकडं बघून एमरी हसलीही नाही आणि रडलीही नाही. पहिल्याच घटकेला मला कळलं, आपण नकोसे झालो.

तसा मी मे महिन्यातच जीव धरला होता, शाळेच्या जिममध्ये परीक्षा चालू असताना. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा विषय घ्यायचा आणि वर्षाअखेर परीक्षा द्यायची, तिला इथं अमेरिकेत एपी म्हणतात. एमरीचा विषय कॅल्क्युलस. गुण एक ते पाच. पाच म्हणजे सोनं, एक म्हणजे नसल्यातच जमा. मी मधला.

डार्लीनला वाटलं, पोरगी तिसरी आली. जत्रेत तिच्या लोणच्याला एकदा तिसरा नंबर मिळाला होता, पांढरी फीत अजून फ्रिजवर आहे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती काम करते, तिथं तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं. एमरीनं खरं काय ते समजावलं तेव्हा बिचारी ओशाळली. पण आईच ती, म्हणाली, पाचात तीन म्हणजे निम्म्याच्या वरच की.

मग सप्टेंबरात मावसभाऊ ट्रेंट शहरातून आला. त्याच्याकडं पाचावर पाच, अशी रांगच. एमरी एका लांबच्या नामांकित कॉलेजाचा अर्ज भरतेय हे ऐकून त्यानं तो उघडला आणि त्यात मला पाहिलं.

"तीन? अगं, तीन दाखवलास तर अर्जाचे तीनतेरा वाजतील. गुण सांगायची सक्ती नाही ना, मग सोड ती जागा रिकामी."

एमरीनं मला पुसून टाकलं. राग नाही आला मला. माणसं शंभर गोष्टी मिरवतात आणि एक झाकतात, आणि रात्रंदिवस त्या झाकलेलीचीच काळजी करतात.

डार्लीनचा घास मात्र गोड लागेना. या अर्जातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. आपल्या अडाणीपणापायी पोरीचं नुकसान व्हायला नको, एवढंच तिला कळत होतं. एका दुपारी ती कामावरच्या एप्रनसकट शाळेत गेली आणि अर्जांचं बघणाऱ्या प्रुइट बाईंसमोर बसली.

"बाई, माझं शिक्षण बेताचं, चुकलं तर सांभाळून घ्या. तीन म्हणजे लाज वाटावी असं काही असतं का?"

प्रुइट बाईंनी चष्मा काढून ठेवला. "डार्लीन, आपल्या शाळेत एमरीआधी या विषयात दोनच्या वर कुणी गेलेलं नाही. अर्जाबरोबर मी शाळेची माहिती पाठवते, त्यात हे असतंच. तिथली माणसं आकडा बघतात, तशी तो उगवला ती मातीपण बघतात. वर्गात तिला ए आहे, सगळ्यात वरची श्रेणी. पुढं गुणच नाही दिसला, तर ती काय समजतील? रिकामी जागा दिसली की माणूस मनानं तिथं एकच भरतो."

घरी एमरी हटून बसली. ट्रेंटसमोर माझं हसं होईल, म्हणाली.

"अर्ज ट्रेंट वाचणार आहे का?" डार्लीन म्हणाली. "त्याला प्रत्येक विषयाला शिकवणी. तुझे मास्तर फुटबॉलची टीम सांभाळून गणित शिकवतात. लिही गुपचूप."

एमरीनं मला पुन्हा लिहिलं.

मार्चअखेर होकार आला. तो माझ्यामुळं आला अशी फुशारकी मी मारणार नाही. वर्षानुवर्षांचे वर्गातले गुण होते, तिचा निबंध होता, मास्तरांचे दोन शब्द होते. मी फक्त साक्ष दिली, की तो ए खरा आहे.

आता गंमत ऐका. त्या कॉलेजात विषयातून सूट मिळायला पाचच लागतो. मला तिथं कुणी विचारत नाही. एमरीनं फोनवर सांगितलं, आई, कॅल्क्युलस परत पहिल्यापासून. डार्लीन म्हणाली, "त्या वर्गात तुला खुर्ची आहे ना? मग बस आणि शीक."

तर मी असा, पोरीला आत सोडून स्वतः उंबऱ्याबाहेर राहिलेला. तक्रार नाही. फक्त तुमच्या ओळखीत कुणी पोर माझ्यासारख्याला लपवत असेल, तर त्याला सांगा, दुसऱ्याच्या पाचाकडं बघून पुसू नकोस, आधी आपल्या शाळेतल्या जाणत्या माणसाला विचार. आणि त्याच्या आईलाही सांगा. ती विचारायला लाजत असेल.