एकट्यांची रांग

कादरला सीट भरायचं वेड होतं. वेडच म्हणायचं, दुसरं काय! मळवली स्टेशनाबाहेर त्याची टमटम उभी असायची, आणि सुट्टीच्या दिवशी लोहगडाला निघालेली माणसं गाडीतून उतरली रे उतरली की हा हाळी घालायचा, "चला लोहगडवाडी, एक सीट, एकच सीट!" आत बघावं तर चार जागा मोकळ्या. एखादं कुटुंब आलं की त्याची अशी फोड करायचा की विचारू नका. बाप ड्रायव्हरशेजारी, आई मागच्या फळीवर, पोरं परक्या माणसांच्या मधे कोंबलेली. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "आवो, उतरायचं तर समद्यास्नी एकाच जागी हाय न्हवं?" शेजारचा दत्तोबा अख्खं कुटुंब एकत्र बसवायच्या नादात माशा मारत बसे, तोवर कादरच्या दोन फेऱ्या होत. एकटा माणूस कुठंही मावतो, जोडीनं येणाऱ्याला वाट बघावी लागते, हे त्याचं शास्त्र. गाडीपुरतं ते खोटंही नव्हतं.

पण हेच शास्त्र त्यानं पोटच्या पोरीवर चालवलं, आणि तेही नेमकं त्या दिवशी.

पोरगी म्हणजे शिफा, बारा वर्षांची. कादर आणि उमेराचा तलाक होऊन चार वर्षं झाली होती. शिफा आईबरोबर तळेगावला मामाकडे राहायची आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार मळवलीला बापाकडे यायची. आता उमेराचा निकाह मिरजेच्या एका माणसाशी ठरला होता. माणूस चांगला होता, त्याला नाव ठेवायला कादरकडे काही नव्हतं. पण मिरज म्हणजे काय तळेगाव आहे, की मनात आलं आणि टमटम काढली?

उमेरानं फोनवर सरळ सांगितलं होतं. "सोमवारी शाळेतून दाखला काढायचाय. शिफा आता लहान नाही. तिला तुमच्याकडे राहायचं असेल तर मी अडवणार नाही. पण तुम्ही तिला तोंडानं विचारा, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत विचारा. मी तिला सांगून ठेवलंय, अब्बा विचारतील म्हणून. ती म्हणेल ते शेवटचं. मग तुम्ही भांडायचं नाही की मी रडायचं नाही."

"जबान दिली," कादर म्हणाला होता.

शनिवारी शिफा आली. जेवली, दादीच्या कुशीत झोपली. कादरची आई जैतुनबी रविवारी पहाटेच लेकाच्या मागे लागली. "आरं, इचार की तिला. आत्ताच इचार, चहा पिताना."

"आज पार्कात नेतोय ना तिला. खेळू दे पोटभर, खूश होऊ दे. मग इचारतो."

"खुशीत आलेलं मानूस कशालाबी व्हय म्हनतं. आदी इचार, मग फिरव."

कादरनं मान हलवली आणि तो टमटमला किक मारायला गेला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. न्हाई म्हणाली तर? गाडी चालवून चालवून हाताला घट्टे पडलेला हा माणूस, रात्रीबेरात्री भाजे गावच्या उतारावर ब्रेक निकामी झाले तरी डगमगला नव्हता, आणि बारा वर्षांच्या पोरीपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटत होती. दिवसभर तिला इतकं खेळवायचं, इतकं खेळवायचं, की संध्याकाळी तिच्या तोंडून दुसरं उत्तरच निघू नये, असा त्याचा बेत होता. घाटाखाली नवं मोठं पार्क झालं होतं, आणि भाड्याच्या बंगल्यावर उतरलेल्या एका पाहुण्यानं त्याला दोन पास दिले होते. आठ पाळणे तरी करायचेच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

लोणावळ्यापर्यंत टमटम, पुढे एसटी. एसटीत दोघं शेजारीशेजारी बसली. शिफानं खिडकी घेतली. घाट सुरू झाला तशी ती बापाकडे दोनदा बघून हसली. कादर सगळा घाटभर पाळण्यांची यादी सांगत होता. अमुक उलटा फिरतो, तमुक पाण्यात पडतो, आधी कुठला, मग कुठला. पाऊण तास! अरे बाबा, तिथंच विचारायचं होतं की. पण शहाण्याला कोण सांगणार?

पार्कात पाऊल टाकलं आणि कादरचं तोंड उतरलं. रविवार होता, मुंबई-पुण्याचं सगळं जग तिथं लोटलं होतं. पहिल्याच पाळण्यापाशी पाटी होती, प्रतीक्षा नव्वद मिनिटं. दीड तास! म्हणजे दिवसभरात फार तर चार पाळणे. त्याच्या बेतावर पाणीच फिरलं.

तेवढ्यात त्याला बाजूची पाटी दिसली, सिंगल रायडर. तिथं जेमतेम सातआठ माणसं. त्याच्या पुढेच पुण्याचं एक कुटुंब त्या रांगेत शिरत होतं. आई, बाप, दोन पोरं. बाप पोरांना समजावत होता, "वेगवेगळे बसायचं हं, बाहेर आल्यावर भेटू. कोण जास्त ओरडतं बघू या."

कादरनं दारावरच्या कामगाराला गाठलं. निलेश असं त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं. "भाऊ, ही कसली लाईन?"

"एकट्यांची रांग आहे काका. जिथे एक सीट रिकामी राहते तिथे एकाला बसवतो. लवकर नंबर लागतो. पण दोघांना शेजारी बसायला मिळणार नाही, आधीच सांगतो."

कादरचा चेहरा असा उजळला, की जणू लॉटरीच लागली. "आगं शिफा, हे तर आपलंच काम! एक सीट, एकच सीट! ह्यांनी माज्याकडूनच शिकलं आसंल!"

शिफा हसली नाही. म्हणाली, "आपण एकत्र नाही बसायचं?"

"बाहेर भेटू की. उतरायचं तर एकाच जागी हाय."

आणि मग सुरू झाला धडाका. शिफा पहिल्या गाडीत, कादर तिसऱ्या. शिफा दोन कॉलेजच्या पोरींच्या मधे, कादर एका जाड्या गुजराती शेठच्या बाजूला. ती आधी बाहेर यायची, फाटकापाशी उभी राहायची. हा दहा मिनिटांनी यायचा, डोळ्यात पाणी, केस उभे. "कसं वाटलं?" "भारी." "चल, म्होरल्याला!" की पळाले. जेवायच्या वेळेपर्यंत पाच पाळणे झाले. पाच! कादर स्वतःवर बेहद्द खूश होता. तिकडे दीडदीड तास उन्हात तिष्ठणारी कुटुंबं बघून त्याला कीव येत होती. बापाच्या खांद्यावर मान टाकून पेंगणारी पोरं, आईला कसलं तरी लांबलचक गाऱ्हाणं सांगणाऱ्या मुली. बिचारे, म्हणाला तो मनात.

जेवणालाही त्यानं तीच युक्ती केली. तिला टेबल धरून बसवलं आणि आपण एकटा घुसून दोन प्लेटा घेऊन आला. शिफा फोन पिशवीत ठेवत होती.

"कुनाचा फोन?"

"अम्मीचा."

कादरनं प्लेटा तशाच हातात धरल्या. "काय म्हनली?"

"जेवलीस का म्हणून विचारत होती." शिफानं प्लेट पुढे ओढली. दोन घास खाऊन म्हणाली, "अब्बा, आता आपण मोठ्या रांगेत थांबू या का? दोघं मिळून."

"येडी का खुळी? दीड तास! तेवढ्यात आपले तीन व्हत्यात."

"बरं," ती म्हणाली.

बरं म्हणाली, आणि ह्या गाढवाला ते गोड वाटलं! केवढी शहाणी लेक, लगेच ऐकते. सहावा झाला, सातवा झाला. आठवा सगळ्यात उंचावरून खाली सोडणारा. कादरला मागची जागा मिळाली. शिफा खूप पुढे, फक्त तिची वेणी दिसत होती. गाडी वर चढली, टोकाला थांबली, खाली अख्खं खोपोलीचं खोरं दिसलं आणि मग जे काही झालं ते त्याला धड आठवतही नाही. डोळे मिटून त्यानं अल्लाचं नाव घेतलं, एवढंच.

बाहेर आला तर शिफाजवळ एक अनोळखी बाई उभी होती. पन्नाशीची, कपाळाला मोठं कुंकू. शिफाचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

"तुमची मुलगी का हो ही?" बाई जरा घुश्श्यातच म्हणाली. "किती घाबरली होती. पहिल्यापासून हात सोडत नव्हती माझा. असं एकटं बसवतात का पोरीला?"

शिफाचा चेहरा पांढरा पडला होता. बाई गेल्यावर कादरनं तिला बाकावर बसवलं, पाणी पाजलं. "आगं, भ्या वाटतंय तर सांगायचं न्हाईस?"

"कुणाला सांगणार? तुम्ही मागे होता."

"मग आदीच्या पाळन्यालाबी..."

"सगळ्यांनाच भीती वाटली, अब्बा."

कादर तिच्यापुढे मटकन खाली बसला, सगळ्या माणसांच्या पायात. बेत, आकडे, सगळं डोक्यातून गेलं. ज्यासाठी दिवस घालवला ते आता आपोआप तोंडातून बाहेर आलं. "शिफा, माज्यापाशी ऱ्हाशील? हितंच, मळवलीला? दादी हाय, मी हाय. तुला शाळेत रोज सोडीन मी, आनीनबी."

शिफानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आत्ता विचारताय?"

"म्हंजी?"

"अम्मीनं सांगितलं होतं तुम्ही विचाराल. मी काल रात्रीपासून वाट बघतेय. एसटीत मला वाटलं, आता विचारतील. मग इथे आलो, तर तुम्ही मला वेगळंच बसवायला लागलात. प्रत्येक वेळी. मला वाटलं, तुम्हाला विचारायचंच नाहीये म्हणून माझ्यापासून लांब बसताय." ती हुंदके देत बोलत होती. "दुपारी अम्मीचा फोन आला. म्हणाली, अब्बांनी विचारलं का? मी म्हटलं, नाही. मग मी म्हटलं, मी येते मिरजेला."

कादरनं तिचे दोन्ही हात धरले. कसाबसा म्हणाला, "पर तुला ऱ्हायचं व्हतं?"

तिनं मान हलवली. होय म्हणून हलवली.

त्यानं खिशातून फोन काढला. "थांब, आत्ताच्या आत्ता सांगतो तुज्या आईला."

शिफानं त्याच्या फोनवर हात ठेवला. "नको, अब्बा. मी येते म्हटल्यावर अम्मी फोनवर रडली. खुशीनं. सगळ्यांना सांगितलं असेल तिनं. आता तुम्ही फोन केला की भांडण होईल, पहिल्यासारखं. ती म्हणेल तुम्ही मला शिकवलं. मी सांगून टाकलंय. तुम्ही जबान दिलीये ना?"

दिली होती. ती म्हणेल ते शेवटचं. कादरनं फोन परत खिशात टाकला, आणि भर गर्दीत, लहान पोरासारखा, तोंडावर हात घेऊन रडला. शिफा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बारा वर्षांची पोर बापाची समजूत घालत होती, आता यावर काय बोलायचं!

पाच वाजले होते. डोळे पुसून तो म्हणाला, "चल, मोठ्या लाईनीत थांबू."

"दीड तास आहे अब्बा."

"आसू दे."

लहान मुलांच्या साध्या आगगाडीची ती रांग होती, भीती न वाटणारी. दोघं रांगेत उभी राहिली. मग शिफानं वर्गातल्या अपेक्षा नावाच्या मुलीची गोष्ट काढली, तिनं बाईंच्या खुर्चीवर खडूची पूड कशी टाकली त्याची. मग मामाच्या कुत्र्याची. मग आपल्याला चष्मा लागणार आहे, पण अजून अम्मीलासुद्धा सांगितलेलं नाही, ते. तिला गणित आवडतं हे कादरला माहीतच नव्हतं. तिला भेंडी चालते, वांगं नाही. रात्री तिला कधीकधी जुन्या घराचं स्वप्न पडतं, आणि त्यात तिघंही असतात. रांग दोन पावलं सरकायची, थांबायची. शिफानं त्याच्या दंडाला विळखा घातला होता आणि ती बोलत होती, बोलतच होती. चार वर्षांत ती इतकं बोलली नव्हती.

साडेसहाला पुढे फक्त दहाबारा माणसं उरली. कादरनं वळून मागच्या माणसाला म्हटलं, "तुमी जा म्होरं."

"अहो, तुमचा नंबर आहे."

"जा, जा. बारकी पोरं हायती तुमच्यासंगं."

ते कुटुंब पुढे गेलं. त्यांच्या मागचंही गेलं. तिसरं कुटुंब आलं तेव्हा कादरनं तोंड उघडायच्या आत शिफाच बाजूला सरली. म्हणाली, "तुम्ही जा ना काकू पुढे. आम्हाला घाई नाहीये."

अशी कितीतरी कुटुंबं त्यांना ओलांडून गेली. हसत, एकमेकांना ढकलत, शेजारीशेजारी बसायला. सात वाजता आगगाडी शेवटची फेरी मारून थांबली आणि कामगारानं साखळी लावली. "काका, बंद झालं. तुम्ही तर बसलाच नाहीत!"

"ऱ्हाऊ दे," कादर म्हणाला.

शिफाच्या पिशवीत फोन वाजला. उमेरा शिफाला न्यायला लोणावळ्याच्या स्टँडवर येऊन थांबली होती. निघालात का, कुठे पोचलात, असं विचारत होती. रांगेत आता कुणी नव्हतं. दिवे एकेक करून मालवत होते. शिफानं दुसऱ्या हातानं बापाचा दंड धरून ठेवला होता.

"अम्मी, थोडा उशीर होईल," ती म्हणाली. "आम्ही अजून रांगेतच आहोत."